गल्लीच्या टोकापर्यंतची दोरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरी करते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन पुन्हा चालायला शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. आता वीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत बरीच माणसं उभी राहिली, काही नाही राहिली. जी नाही राहिली त्यांच्या कागदावर मी बहुतेक वेळा एकच वाक्य लिहीत आले होते: ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ हे वाक्य लिहायचं मी ज्या बाईमुळे बंद केलं, तिची ही हकीकत.

ती शहराच्या पूर्व भागात राहायची. तिच्या घरात तेलुगू बोलत, आजीला अव्वा म्हणत, आणि पहिल्याच दिवशी मीही तिला अव्वाच म्हणायला लागले. वय बहात्तर-त्र्याहत्तर. नेमकं तिलाही ठाऊक नव्हतं. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं स्वतः लहानपणापासून विड्या वळल्या. सूप मांडीवर घेऊन पन्नासेक वर्षं वाकून बसल्यानं पाठीला बाक आला होता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या पाण्याच्या दिवशी घागर उचलताना ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. मी गेले तेव्हा एप्रिल संपत आला होता.

घर म्हणजे एक खोली आणि वर पत्र्याचा माळा. खोलीच्या एका कोपऱ्यात ओटा, त्याच्यावर देवाची फळी, दुसऱ्या कोपऱ्यात अव्वाची लोखंडी कॉट. मुलगा कारखान्यात मागावर, सून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये. दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडत, ती संध्याकाळी सहाला येत. मधले साडेनऊ तास अव्वा एकटी.

पहिले दोन आठवडे तिनं मला चकित केलं. मी सांगेन तो व्यायाम ती करायची. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारायची. दुखलं तर ओठ मिटून घ्यायची, पण थांबायची नाही. मी दवाखान्यात जाऊन सांगितलंसुद्धा, की ही बाई महिन्याभरात काठीवर येणार.

तिसऱ्या आठवड्यापासून ती खचायला लागली. दंड सैल पडले. गालफडं बसली. चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, मग एक. मी जरा चिडूनच विचारलं, “अव्वा, मी नसताना व्यायाम करता का खरंच?”

“करते की.”

“मग असं का होतंय?”

“वय झालं, बाई,” ती म्हणाली आणि खिडकीकडं बघत बसली.

त्या दिवशी मी कागदावर ते नेहमीचं वाक्य लिहिलं.

पुढच्या खेपेला मी तिला कॉटवरून उभी केली आणि ती माझ्या अंगावर कोसळली. डोळे फिरले होते. मी तिला आडवी केली, पाय उशीवर घेतले, रक्तदाब मोजला. फारच कमी होता. जीभ बघितली तर कोरडी ठणठणीत. बाहेर मे महिन्याचं ऊन, वर पत्रा, आणि कॉटखाली तांब्या काठोकाठ भरलेला, वर झाकण. सकाळी सुनेनं भरून ठेवलेला तो तसाच होता.

“आज पाणी किती प्यायलात?”

“प्याले की.”

“किती?”

मी चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत राहिले. अर्ध्या तासानं तिला जरा हुशारी आली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “प्याले तर जावं लागतंय.”

“कुठं?”

“कुटं म्हंजे? संडासला की.”

मग तिनं सगळं सांगितलं. घरात संडास नव्हता, मोरीही नव्हती. आंघोळ दाराआडच्या फरशीवर. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला. सून पहाटे उठून, सगळ्यांचा डबा करायच्या आधी, तिला दंडाला धरून तिथं न्यायची, आणि संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, चपलाही न काढता, पुन्हा न्यायची. मधल्या साडेनऊ तासांत नेणारं कोणी नव्हतं. म्हणून अव्वानं सकाळी अर्धा कप चहावर दिवस काढायचं ठरवलं होतं. दुपारची भाकरी ती खायची नाही, शेजारच्या शेळीला घालायची. सुनेला वाटायचं, सासू जेवते.

“तिला सांगितलं का नाही?”

“सांगितलं तर ती काम सोडंल. लई गुणाची हाय ती. माज्यासाटी घरात बसंल, अन् मग घर कशावर चालंल?”

मी तिथंच खाली बसले. इतके आठवडे मी एका उपाशी, तहानलेल्या म्हातारीला पायाचे स्नायू बळकट करायला सांगत होते, आणि ती न कुरकुरता करत होती.

आदल्याच वर्षी माझी आई अशीच पडली होती. तोच खुबा, तोच सर्जन, जवळजवळ तेच वय. आई शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या फ्लॅटमध्ये खोलीला लागून बाथरूम, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे, दिवसभर एक बाई सोबतीला. आई दोन महिन्यांत बाजारात गेली, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, की व्यायाम नीट केले म्हणून. व्यायाम तर अव्वाही तेच करत होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून कमोडची खुर्ची घेऊन गेले. अव्वानं ती खालून-वरून नीट बघितली, हात फिरवला, आणि म्हणाली, “परत घेऊन जा.”

“का?”

“हितं देव हाय, हितं चूल हाय. अन् हे भांडं टाकायला कोन जानार? तीच की. दोन टाइम मला नेती ते काय थोडं झालं?”

मी समजावलं, आवाज चढवला, शेवटी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली. तिचा नकार हट्टाचा नव्हता. त्या घरात कोणावर किती भार आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि त्यात भर घालायची नाही हे तिनं ठरवलेलं होतं.

मग तीच म्हणाली, “तू मला खोलीत चालवतीस. वीस पावलं. माजं काम वीस पावलात होत न्हाय. मला तितवर चालायला शिकव.”

मी गल्लीतून चालत गेले. माझी एकशे बारा पावलं झाली, म्हणजे तिची दोनशेच्या पुढं. वाटेत फरश्या उखडलेल्या, वॉकरचा पाय अडकेल अशा. एका ठिकाणी उघड्या गटारावर टाकलेली फरशी, चालताना डुगडुगणारी. टोकाला तीन उंच पायऱ्या, कठडा नाही. मी परत येऊन सांगितलं, “वॉकरनं जमणार नाही. काठीनं तर नाहीच. एवढ्या लांब एका पायावर भरवसा ठेवता येत नाही.”

“पायात जोर न्हाय ते म्हाईत हाय मला,” ती म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन दाबला. “हातात हाय का बघ.”

माझी बोटं कळवळली. पन्नास वर्षं पानाला पीळ देत आलेला हात होता तो.

तिच्या डोक्यात होती ती दोरी. दारापासून संडासापर्यंत भिंतीला धरून बांधलेली. मी लगेच नाही म्हटलं. दोरी हलते, तोल गेला तर दोरी माणसाला सावरत नाही, उलट घेऊन पडते. हे मी पुस्तकात शिकलेलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “सैल बांदली तर हलती,” ती म्हणाली. “हात-हातभर अंतरावर खिळा ठोकला तर कशी हलंल? अन् अंगठ्यायेवढी जाड वळायची. एका हातात काठी, एका हातात दोरी.”

मुलानं कारखान्यातून मागावरचं वाया गेलेलं सूत आणलं. लाल, हिरवं, पिवळं, काळं, चादरींचे सगळे रंग त्यात होते. अव्वा कॉटवर बसून दोरी वळायला लागली. वळायला बसायची म्हणून मी तिला दर अर्ध्या तासानं उठून उभं राहायची अट घातली, आणि दोरी तयार होईपर्यंत दुपारची एक सोय केली. दवाखान्यातून दुपारी बाराला मी स्कूटरवर यायची, तिला धरून न्यायची, परत आणून सोडायची. त्या बदल्यात तिनं पाणी प्यायचं आणि भाकरी स्वतः खायची. सुनेला खरं सांगायचं हेही कबूल करून घेतलं. त्या रविवारी सुनेनं सासूच्या पुढं ताट ठेवलं आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिली, एवढं मला नंतर कळलं.

दोरी व्हायला अकरा दिवस लागले. वळताना ती दोरीत गाठी मारत गेली. ज्या दारापुढं टेकायला ओटा किंवा पायरी आहे तिथं दुहेरी गाठ, म्हणजे हाताला कळावं की इथं बसता येतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून तिनं हातावर हिशेब बांधला होता.

खिळे ठोकायचे तर त्या बाजूच्या सात घरांची परवानगी हवी. मी म्हटलं, मी बोलते. ती म्हणाली, “तू बोललीस तर ते तुला हो म्हनतील, अन् तू गेलीस की खिळे उपटतील.” ती दारात खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायला लागली. कोणाशी तेलुगूत, कोणाशी मराठीत. सहा घरांनी हो म्हटलं. सातव्या घरातला माणूस रिक्षाच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, आणि त्याची मोटरसायकल नेमकी त्या भिंतीला टेकून उभी असायची. त्या दिवशी मी तिथंच होते.

“अव्वा, दोरी धरून येशील आणि माझ्या दारात पडशील,” तो म्हणाला. “मग लोक मला बोलतील.”

“पडले तर तुज्याच दारात पडीन,” अव्वा म्हणाली. “बाकीच्या घरात दुपारी कुलूप असतंय. तुज्या घरात तुजी बायको असती. उचलायला मानूस तरी हाय.”

संध्याकाळी त्यानं मोटरसायकल समोरच्या बाजूला लावली आणि त्याच्या भिंतीतले खिळे स्वतः ठोकून दिले. कामावरून आणलेले, चांगले जाड, टोकाला वळवलेले.

पहिल्यांदा निघालो ती वेळ दुपारी साडेबाराची. अव्वाच्या उजव्या हातात दोरी, डाव्या हातात काठी. माझा हात तिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर. पहिल्या तीन घरांपर्यंत ती सहज गेली. दारं आली की दोरी संपायची, तिथं चौकट धरायची, मग पुढची दोरी. गटाराच्या फरशीपाशी ती थांबली. काठीनं फरशी दाबून बघितली, डुगडुगली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दोरीवरची मूठ घट्ट केली आणि पाय टाकला. पलीकडं गेल्यावर मात्र ती ओट्यावर टेकली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. तीन पायऱ्या चढायला तिला खोलीत केलेल्या सगळ्या व्यायामांपेक्षा जास्त कष्ट पडले. चांगला पाय आधी वर, मोडका मागून, हे मी शिकवलेलं होतं, पण शिकवताना माझ्यासमोर लाकडी पाट होता.

जाऊन यायला पाऊण तास लागला. घरी आल्यावर ती कॉटवर बसली, तांब्याचं झाकण काढलं आणि एका दमात अर्धा तांब्या पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आता रोज.”

आठ दिवसांत ती माझ्याशिवाय जायला लागली. मला हे आधी पटलं नव्हतं, पण एका दुपारी मी पोचायच्या आत ती निघून गेली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघितलं. रंगीत दोरीला धरून पांढऱ्या केसांची, वाकलेली बाई एकेक पाऊल पुढं सरकत होती, आणि मी हाक मारली नाही.

त्या गल्लीत आणखी किती म्हातारी माणसं आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती घराच्या आत असायची. आधी समोरच्या घरातले एक आजोबा दारात आले. निवृत्त माग-कामगार, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. मग त्याच बाजूच्या कडेच्या घरातली एक बाई, गुडघे वाकलेले. मग तिच्या शेजारची, जिला दिसत नव्हतं. अव्वानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “पानी किती पितासा?” सगळ्यांचं उत्तर सारखंच निघालं. कोणी ते कधी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरनं विचारलं नव्हतं. मीही नाही.

अव्वानं वेळ ठरवली. दुपारी जेवण झालं की एक वाजता सगळ्यांनी निघायचं, एकामागून एक. निघायच्या आधी प्रत्येकानं तिच्या दारात येऊन तिच्यासमोर पेलाभर पाणी प्यायचं. न पिणाऱ्याला ती दोरीला हात लावू द्यायची नाही. न दिसणारी बाई दोघांच्या मधे चालायची. आजोबांना जाताना दोरी धड हाताकडं यायची, येताना लुळ्या हाताकडं. येताना काय करायचं याचं उत्तर मी शोधत बसले होते. अव्वानं त्यांना येताना पाठमोरं, दोरी धड हातात ठेवून, पाच-पाच पावलं मागं सरकायला लावलं. मला ते बघून धडकी भरली. मी समोरच्या भिंतीलाही येतानासाठी एक दोरी बांधायची विनंती केली, तेव्हा तिनं ती माझ्यासाठी म्हणून वळून दिली.

पावसाळ्यात गल्लीतल्या एका गवंड्यानं उरलेल्या सिमेंटमध्ये त्या तीन उंच पायऱ्यांच्या सहा बुटक्या पायऱ्या करून दिल्या. त्याची आईही दुपारच्या रांगेत होती. डुगडुगणारी फरशीही त्यानंच पक्की केली.

दोरी काही जादूची नव्हती. लोक तिच्यावर कपडे वाळत घालायचे, अव्वा काठीनं ते खाली पाडायची आणि भांडण व्हायचं. पावसानं सूत कुजलं, दोनदा नवी दोरी वळावी लागली. आजोबा दिवाळीनंतर दुसऱ्या झटक्यानं गेले. त्यांच्या मुलीनं सांगितलं की शेवटचे चार-पाच महिने ते स्वतःच्या पायानं गेले, याचा त्यांना अभिमान होता. अव्वालाही थंडीत छातीचा आजार झाला, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. पण या वेळी अंगात काही होतं म्हणून ती परत आली. मेमध्ये हाच आजार झाला असता तर ती गेली असती, असं मला सर्जन म्हणाले. माझी पाठ थोपटायला लागले, तेव्हा मी त्यांना ऑपरेशननंतरचा कागद दाखवला, माझं वाक्य लिहिलेला, आणि सगळं सांगितलं. आता आमच्या घरभेटीच्या कागदावर पहिले तीन प्रश्न वेगळे आहेत. संडास किती लांब? दिवसा घरात कोण असतं? पाणी किती पिता?

गेल्या वर्षी गटाराच्या कामासाठी गल्ली खोदली आणि भिंतीवरचे खिळे, दोरी सगळं निघालं. काम करून घेणाऱ्या माणसाशी बोलायला गेला तो मोटरसायकलवाला. कधी विनवून, कधी भांडून त्यानं गल्लीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइप बसवून घेतला. सगळ्यांना वाटलं, अव्वा खूश होईल. तिनं पाइपवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

“चटका बसतोय,” ती म्हणाली. “सोलापूरच्या उन्हात लोखंड कोन धरंल?”

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा चार म्हाताऱ्या गल्लीत सावलीच्या बाजूला बसून पाइपला सूत गुंडाळत होत्या. मीही बसले आणि वीतभर गुंडाळलं. अव्वानं माझ्या गुंडाळलेल्यावर बोट फिरवलं, सगळं उलगडलं आणि पहिल्यापासून स्वतः आवळत नेलं.

आता ती थकली आहे. टोकापर्यंत जाताना दोनदा बसते, आणि परतताना मागची बाई तिच्या पाठीवर हात ठेवून असते. सुनेनं युनिटमध्ये बोलून दुपारची एक तासाची सुट्टी मिळवली आहे, पण अव्वा तिला यायची परवानगी आठवड्यातून एकदाच देते, शनिवारी. बाकीचे दिवस एक वाजता ती दारात खुर्चीवर बसते, शेजारी पाण्याची कळशी आणि एक पेला, आणि एकेकाची वाट बघते.